हीट डिटेक्टर नक्की कसा चालतो? (तांबड्या रश्श्यानं आमचा फायर अलार्म वाजतोय)

सेक्रेटरी_नाइलाजाने
रविवार, रात्री १०:१२

मंडळी, एक विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नागाळा पार्कात आमची सोसायटी. खाली पार्किंग, वर सात मजले. पार्किंगच्या एका अंगाला हॉल आणि त्याला चिकटून स्वयंपाकघर. बारसं, साखरपुडा, दत्तजयंतीचा महाप्रसाद, सगळं तिथंच होतं. बिल्डरनं ताबा दिला तेव्हा हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, जिन्यात आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचे डिटेक्टर बसवून दिले होते. पाहुण्यांना आम्ही ते कौतुकानं दाखवायचो.

आता दुखणं असं की आचाऱ्यानं गरम तेलात कांदा-लसूण चटणी टाकली की मिनिटा-दोन मिनिटांत हूटर. पहिल्या वेळी लोक पोरंबाळं घेऊन खाली धावले. तिसऱ्या वेळी गॅलरीत आले. पाचव्या वेळी कुणी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. शेवटी वॉचमननं स्वयंपाकघरातलं डिटेक्टरचं डोकं फिरवून काढलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि पॅनेलचा बझर गप्प केला. पॅनेलवर पिवळा दिवा तीन महिने जळतोय. मला हे परवा कळलं. सेक्रेटरी मीच आहे.

देखभाल बघणारा माणूस म्हणतो, सगळीकडचे स्मोक काढा, हीट डिटेक्टर बसवा, कटकट मिटेल. कोटेशनही आलंय. कमिटीतल्या पाचांपैकी तिघं तयार आहेत. मला एवढंच हवंय की सही करण्याआधी ही वस्तू आतून काय करते ते कळावं. त्यावर ५७ अंश लिहिलंय. म्हणजे खोलीत ५७ झालं की वाजणार? आणि मे महिन्यात पत्र्याखाली आपोआप वाजणार का?


गंगावेस_कट्टा
रविवार, रात्री १०:२०

रस्सा किती तिखट असंल याचा हिशेब करायलोय. पत्ता द्या भावा, बाकीचं नंतर बघू.


वायरीतला_माणूस
रविवार, रात्री ११:०५

सेक्रेटरीसाहेब, २६ वर्षं फायर अलार्मच्या वायरी ओढल्या, आता घरी बसून आहे. सविस्तर लिहितो.

आधी तुमचा आचारी निर्दोष आहे हे नोंदवून घ्या. धुराच्या डिटेक्टरच्या आत एक काळोखी डबी असते. त्यात एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा, पण दोघं एकमेकांसमोर नसतात, कोनात बसवलेले असतात. एरवी डोळ्याला काही दिसत नाही. डबीत कण शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. तो कण जळत्या गादीचा आहे, चटणीच्या तेलाचा आहे की अगरबत्तीचा, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? स्वयंपाकघरात स्मोक बसवणाऱ्यानं चूक केली.

आता हीट डिटेक्टर. याला कणांशी देणंघेणं नाही, फक्त उष्णता कळते. ती ओळखायच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली, ठरावीक तापमानाला वाजणारा. जुन्या बनावटीत दोन धातूंची एकावर एक बसवलेली चकती असते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून चकती वाकते आणि ठरलेल्या अंशाला टक्कन उलटी होते. जत्रेत पत्र्याचं टिकटिक वाजणारं खेळणं मिळायचं, अंगठ्यानं दाबलं की उलटं व्हायचं, तसंच. घरच्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट याच कुळातला. चकतीऐवजी कुठं मिश्रधातूचा थेंब असतो. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम ठरावीक प्रमाणात वितळवून एकत्र केलं की साधारण ७० अंशांनाच पातळ होणारा धातू मिळतो. थेंबानं स्प्रिंग धरून ठेवलेली असते. थेंब वितळला, स्प्रिंग सुटली, संपर्क जुळला. हा एकदाच वाजतो, मग फेकून नवा लावायचा. चकतीवाला गार झाला की पुन्हा कामाला तयार.

दुसरी तऱ्हा, तापमान किती वेगानं चढतंय ते बघणारा. याला आम्ही आरओआर म्हणतो. जुन्या बनावटीत एक पोकळ घुमटी, त्यात हवा, खाली पातळ पडदा आणि हवा निसटायला सुईच्या टोकाएवढं भोक. खोली सावकाश तापली तर आतली हवा फुगते तशी भोकातून निघून जाते. एकदम तापली तर भोक पुरत नाही, दाब वाढतो, पडदा उचलला जातो, अलार्म. घरी रिंग ढिली झालेला कुकर असेल तर बघा. मंद आचेवर वाफ कडेनं फुसफुसत जाते, शिट्टी होत नाही. आच मोठी केली की तोच कुकर शिट्टी मारतो. अमेरिकेकडच्या डिटेक्टरवर हा वेग मिनिटाला १५ फॅरनहाइट, म्हणजे आपले ८.३ अंश सेल्सिअस धरतात.

आजकाल पडदाबिडदा फारसा राहिला नाही, बहुतेक ठिकाणी थर्मिस्टर असतो. बाकी उद्या. डोळे दुखतात.


सेक्रेटरी_नाइलाजाने
सोमवार, सकाळी ७:४८

काका, कुकरवर लगेच कळलं. पण मग दोन्ही तऱ्हा कशाला? वेग ओळखणारा आहे तर ५७ ची गरज काय?


फळा_आणि_खडू
सोमवार, सकाळी ९:३०

काका विश्रांती घेतायत तोवर मी. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो.

सगळ्या आगी एकदम भडकत नाहीत. एखाद्या खोलीत वायरिंग हळूहळू तापलं, तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढत राहिलं, तर वेग बघणारा शांत बसेल. कुकरची शिट्टी होणारच नाही. अशा वेळी ठरावीक अंश उपयोगी पडतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक डिटेक्टरांत दोन्ही एकत्र असतात.

थर्मिस्टर म्हणजे तापला की ज्याचा विद्युतरोध घटतो असा मणी. २५ अंशांना १०,००० ओहम असलेला नेहमीचा मणी ५७ ला तीन हजारांच्या खाली जातो. आतली चिप तो रोध सतत मोजते आणि दोन मापांमधल्या फरकावरून चढण्याचा वेगही काढते. काही बनावटीत दोन मणी असतात, एक उघड्यावर, दुसरा प्लॅस्टिकच्या आड. हवा सावकाश तापली तर दोघं बरोबर तापतात. एकदम तापली तर उघडा पुढं पळतो, झाकलेला मागं राहतो. त्या दोघांतलं अंतर म्हणजेच वेग.

आणि साहेब, "खोलीत ५७ झालं की वाजणार" हे तेवढं बरोबर नाही. ५७ हे डिटेक्टरच्या आतल्या मण्याचं किंवा चकतीचं तापमान. हवा तापते, मग तिच्यामुळे मणी तापतो, त्याला वेळ लागतो. ताप बघताना थर्मामीटर काखेत धरून बसावं लागतं की नाही? मणी तापेपर्यंत हवेचं तापमान आणखी पुढं गेलेलं असतं. आग जोरात वाढत असेल तर डिटेक्टर ५७ म्हणेपर्यंत छताखालची हवा कितीतरी वर गेलेली असू शकते.


गंगावेस_कट्टा
सोमवार, सकाळी ९:४१

सर, शाळेत असं शिकवलं असता तर आम्ही दोनदा दहावीला बसलो नसतो.


ओतारी
सोमवार, दुपारी १:१५

उद्यमनगरात आमची छोटी फौंड्री. आमचा अनुभव लिहितो, म्हणजे तुमची चूक होणार नाही.

शेडमध्ये आम्ही वेगवाले डिटेक्टर बसवून घेतले. भट्टीचं झाकण उघडलं की अलार्म. ओतकाम सुरू झालं की अलार्म. गरम हवेचा लोट एकदम वर जातो, डिटेक्टरला वाटतं आग. त्याचं काय चुकलं? लोट आणि आग त्याला सारखीच. शेवटी वेग न बघणारे, फक्त ठरावीक अंशांचे बसवले, तेही वरच्या वर्गातले, म्हणजे जास्त अंशांना वाजणारे. तेव्हापासून शांतता हाय.

केबल ट्रेमध्ये मात्र आम्ही वायरसारखा डिटेक्टर टाकलाय. दोन पोलादी तारा, प्रत्येकीवर उष्णतेनं मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा थर, दोन्ही पिळून एकत्र. कुठंही ठरलेल्या अंशाच्या वर गेलं की थर वितळतो, तारा टेकतात, झाला शॉर्ट, वाजला अलार्म. ६८, ८८, १०५ अशा अंशांत मिळतात. वितळला तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. आमच्या वायरमनला हे सगळ्यात आवडलं, कारण त्याला दुसरं काही शिकायला लागलं नाही.


वायरीतला_माणूस
सोमवार, सायंकाळी ६:२०

ओतारी, एकदम मुद्द्याचं लिहिलंत. सेक्रेटरीसाहेबांच्या पत्र्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

हीट डिटेक्टर वर्गवारीनं मिळतो. युरोपच्या ईएन ५४ मानकाच्या पाचव्या भागात त्याचे वर्ग दिलेत. ए-१ वर्ग ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतो आणि जिथं तापमान ५० च्या वर जात नाही अशा जागेसाठी असतो. बी वर्ग ६९ ते ८५ ला वाजतो, ६५ पर्यंतच्या जागेसाठी. पुढं सी, डी असे चढत जातात. अक्षरापुढं आर असेल तर वेग बघण्याचा गुण आहे, एस असेल तर मुद्दाम काढलेला आहे, लोट आला तरी ठरलेल्या अंशाखाली वाजणार नाही. आपल्याकडं हीट डिटेक्टरसाठी आयएस २१७५ आणि सगळी यंत्रणा कशी निवडावी, बसवावी, सांभाळावी यासाठी आयएस २१८९ आहे.

कोल्हापुरात उन्हाळ्यात बाहेर चाळिशीच्या आसपास जातं, पण पत्र्याच्या अगदी खाली, जिथं डिटेक्टर असतो, तिथलं माप वेगळंच. दुपारी तीनला शिडीवर चढून साधा थर्मामीटर टांगा. ५० च्या जवळ जात असेल तर तिथं ए वर्ग नको. स्लॅबखाली असेल तर काळजी नाही.

तुमच्या स्वयंपाकघरासाठी माझं मत, बी-एस. पंचवीस लिटरच्या पातेल्याचं झाकण उघडलं की वाफ एकदम वर येते, आरओआर तिथं त्रास देईल. शिवाय डिटेक्टर थेट शेगडीच्या डोक्यावर नको, जरा बाजूला. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातही नको, तिथं हवा फिरतच नाही. छताला चिकटवूनही नको, ब्रिटिश संहितेप्रमाणे हीटचा संवेदक छतापासून २५ ते १५० मिलिमीटर खाली हवा.

आता एक गोष्ट विचारतो. पॅनेल कन्व्हेन्शनल आहे की अ‍ॅड्रेसेबल? म्हणजे पॅनेलवर नुसता झोन २ असं दिसतं, की कुठला डिटेक्टर ते नावानिशी दिसतं?


सेक्रेटरी_नाइलाजाने
सोमवार, रात्री ८:५०

नुसते झोन दिसतात काका. स्वयंपाकघर, हॉल आणि पार्किंग मिळून झोन १.


वायरीतला_माणूस
सोमवार, रात्री ९:३७

मग नीट वाचा, हे महत्त्वाचं आहे.

कन्व्हेन्शनल झोनमध्ये एकाच दोन-तारी वायरीवर सगळे डिटेक्टर ओळीनं असतात, गळ्यातल्या मण्यांसारखे, आणि शेवटी एक रेझिस्टन्स. पॅनेल २४ व्होल्ट देतं आणि बारीक करंट बघत बसतं. डिटेक्टरला आग कळली की तो जास्त करंट ओढतो, पॅनेल म्हणतं अलार्म. वायर तुटली की शेवटच्या रेझिस्टन्सचा करंटच येत नाही, पॅनेल म्हणतं फॉल्ट. आणि ती वायर प्रत्येक डिटेक्टरच्या बेसमधून, डोक्यातून होऊन पुढं जाते. डोकं काढलं की वायर तिथंच तुटली. बऱ्याच बेसमध्ये असंच असतं.

म्हणजे वॉचमननं फक्त स्वयंपाकघराचा डिटेक्टर नाही काढला. ओळीत त्याच्यापुढं जे काही आहे, हॉल म्हणा, पार्किंग म्हणा, काच फोडायचा कॉल पॉइंट म्हणा, ते सगळं तीन महिने मेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पिवळा दिवा तेच ओरडून सांगतोय. उद्या सकाळी आधी ते डोकं खणातनं काढून परत बसवा. वाजलं तर वाजू दे, नवा येईपर्यंत आचाऱ्याला पंखा लावून द्या.


सेक्रेटरी_नाइलाजाने
सोमवार, रात्री ९:५२

बापरे. आत्ताच खाली जातो.


खर्च_कमी_करा
मंगळवार, सकाळी १०:०३

मी सेक्रेटरींच्याच सोसायटीत नाही, पण आमच्याकडंही असंच आहे म्हणून विचारतो. हीट डिटेक्टर धुरानं, धुळीनं, झुरळानं वाजत नाही. किंमतही कमी. मग सगळीकडं तोच का नको? पॅसेजमध्येही खोटे अलार्म येतातच की. देखभालवाला चुकीचं काय सांगतोय?


वायरीतला_माणूस
मंगळवार, सकाळी ११:४०

हाच प्रश्न यायची वाट बघत होतो.

आगीत माणूस बहुतेक वेळा जाळानं नव्हे, धुरानं जातो. गादी धुमसायला लागली की पहिल्यांदा धूर येतो, कार्बन मोनॉक्साइड येतो. खोलीचं तापमान त्या वेळी जवळपास जसंच्या तसं असतं. झोपलेला माणूस वासानं जागा होईल यावर विसंबू नका, मोनॉक्साइडला वास नाही. छताखाली ५७ होईपर्यंत त्या खोलीत श्वास घ्यायची सोय राहत नाही. हीट डिटेक्टर वाजेल, अगदी चोख वाजेल, पण झोपलेल्यासाठी ती वेळ गेलेली असेल.

म्हणून नियम म्हणा, सवय म्हणा, आमच्या धंद्यात असं आहे: जिथं धूर, वाफ, धूळ रोजचीच आहे आणि कुणी झोपत नाही तिथं हीट. स्वयंपाकघर, जनरेटरची खोली, पार्किंग, लाँड्री. जिथं माणूस झोपतो आणि ज्या वाटेनं तो पळणार, बेडरूम, पॅसेज, जिना, तिथं स्मोकच. जिना धुरानं भरला की सातव्या मजल्याला खाली यायला वाट नाही.

देखभालवाल्याला दोष देत नाही, त्याला रात्री दोनला फोन नको आहेत. पण पॅसेजमधला स्मोक खोटा वाजत असेल तर त्याचं कारण शोधा. मी उघडलेल्या दहांतल्या पाच-सहांत धूळ नाहीतर बारीक किडे असायचे. जाळी साफ केली की गुपचूप बसतात. स्वयंपाकघराच्या दारासमोरचा पॅसेज असेल तर धूर आणि उष्णता दोन्ही बघणारा मल्टिसेन्सर मिळतो, थोडा महाग.


रंकाळ्याकाठी
मंगळवार, दुपारी ३:२२

काका, मी पण यावर खूप शोधलो होतो. आमच्या घरी सासूबाई एकट्या असतात, म्हणून स्वयंपाकघरात एक लावून घेतलो. एक विचारू? गॅस गळाला तर हीट डिटेक्टर सांगतो का?


वायरीतला_माणूस
मंगळवार, दुपारी ४:१०

नाही ताई. गळणारा गॅस गरम नसतो, त्याला काही कळणार नाही. त्यासाठी एलपीजीचा वेगळा डिटेक्टर असतो आणि तो छताला नाही, जमिनीपासून वीतभर वर लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. तो छताला लावलेला मी तीन घरांत पाहिलाय. आणि सासूबाई झोपतात तिथं स्मोक लावा.


रंकाळ्याकाठी
मंगळवार, दुपारी ४:१८

आमचा पण छतालाच हाय. आजच खाली घेतो.


पेठेतला_प्रेक्षक
मंगळवार, रात्री ९:००

विषय निघालाच आहे म्हणून. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी उभारलेलं थिएटर, माझ्या आजोबांनी तिथं संगीत नाटकं पाहिलेली. ते अजून डोळ्यांपुढनं जात नाही. कारण काय, चूक कुणाची, यात मला जायचं नाही. फक्त विचारतो, अशा उंच छताच्या जागी हे हीट डिटेक्टर चालतात का?


फळा_आणि_खडू
मंगळवार, रात्री १०:२५

मीही त्या रात्री दसरा चौकापर्यंत जाऊन परत फिरलो होतो, पुढं बघवलं नसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर गणितात देता येतं, तेवढंच देतो.

गरम हवा आगीवरून खांबासारखी वर चढते. चढताना बाजूची गार हवा ओढून घेते आणि स्वतः गार होत जाते. छताला आपटून मग चहूकडं पसरते. छत जितकं उंच तितकी वाटेत जास्त गार हवा मिसळते. अभियंते यासाठी एक सूत्र वापरतात, त्यावरून छताखाली तेवढीच तापमानवाढ मिळवायला लागणारी आग उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढते. उंची दुप्पट झाली की आग साडेपाच पटींहून मोठी लागते.

आकड्यात सांगतो. खोली २५ अंशांना आहे, डिटेक्टर ५७ चा आहे, म्हणजे ३२ अंशांची वाढ हवी. छत ३ मीटरवर आणि आग बरोबर खाली असेल तर साधारण ४० किलोवॅटची आग पुरते. घरातले दोन किलोवॅटचे वीस गीझर एकदम चालू केल्यासारखं समजा. छत ६ मीटरवर गेलं की त्याच कामाला सुमारे २३० किलोवॅट लागतात. ९ मीटरला सव्वासहाशेच्या पुढं. आणि यात मण्याला तापायला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

थोडक्यात, उंच रंगमंचावर हीट डिटेक्टर वाजतो तेव्हा पडदे पेटलेले असतात.


वायरीतला_माणूस
बुधवार, सकाळी ८:१५

सरांनी कागदावर मांडलं ते आम्ही शिडीवर शिकलो. ब्रिटिश संहितेत ए-१ हीटसाठी छताची कमाल उंची ९ मीटर धरतात. अंतराचंही तसंच. एक स्मोक डिटेक्टर साडेसात मीटर त्रिज्येची जागा सांभाळतो, हीट फक्त ५.३ मीटर. म्हणजे हॉलमध्ये स्मोक काढून त्याच जागी तेवढेच हीट लावले तर मधे राखण नसलेले पट्टे राहतात. "एकास एक बदलून देतो" म्हणणाऱ्याला हे विचारा.

उंच सभागृहात बीम डिटेक्टर लावतात. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडं अदृश्य किरण, मधे धूर आला की किरण मंद होतो. रंगमंचावर नाटकाचा धूर सोडतात तेव्हा तो त्रास देतो, म्हणून प्रयोगाच्या वेळी लक्ष ठेवायला माणूस बसवावा लागतो.


ओतारी
बुधवार, दुपारी १२:३०

काका, ही वस्तू पहिल्यांदा काढली कुणी?


फळा_आणि_खडू
बुधवार, दुपारी २:०५

स्वयंचलित विद्युत फायर अलार्मचं पहिलं पेटंट १८९० चं, अमेरिकेत फ्रान्सिस अप्टन यांच्या नावे. हे एडिसनच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत होते. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनी विजेवर चालणारा उष्णता ओळखणारा अलार्म काढला. म्हणजे हीट हा स्मोकचा थोरला भाऊ आहे, घराघरांत स्मोक पोचला तो बराच नंतर.


खर्च_कमी_करा
बुधवार, सायंकाळी ७:४४

बरं, पटलं. पण बसवल्यावर चालतोय हे कसं बघायचं? आमच्याकडं एक जण लायटर पेटवून धरतो.


वायरीतला_माणूस
बुधवार, रात्री ८:३०

त्याला सांगा, लायटर खिशात ठेव. प्लॅस्टिक काळं पडतं, मणी जळतो आणि आग लागली तर बातमी होते. साधा हेअर ड्रायर घ्या, वीतभर अंतरावरून गरम हवा सोडा. डिटेक्टरवरचा एरवी लुकलुकणारा लाल दिवा स्थिर जळायला लागेल, पॅनेलवर त्या झोनचा अलार्म येईल. मग पॅनेलवरून रीसेट, नुसता गार करून दिवा विझत नाही. वितळणाऱ्या थेंबाच्या डिटेक्टरला ड्रायर लावू नका, तो कायमचा जाईल. आणि धुराचा स्प्रे हीटवर मारून "चालत नाही" म्हणणारेही मी पाहिलेत.

चाचणीआधी रहिवाशांना मात्र सांगा.

आणि सेक्रेटरीसाहेब, महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याखाली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, नमुना ब, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची. गेल्या खेपेच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यानं तो पिवळा दिवा बघितला होता का, एवढं विचारून बघा.


सेक्रेटरी_नाइलाजाने
रविवार, रात्री ९:२०

आठवडाभरानं लिहितोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि सर.

कोटेशन परत केलं. पॅसेज आणि जिन्यातले स्मोक तसेच राहणार, दोन उघडून साफ केले. एकात कोळ्याचं जाळं आणि अख्खा संसार निघाला. स्वयंपाकघराला बी-एस, पार्किंगला आरओआरसकट हीट, हॉलला स्मोकच. मीटर लावलं तिथं दुपारी ४३ दिसलं, स्लॅब आहे म्हणून असेल.

खणातलं डोकं परत बसवलं त्या रात्री झोन १ चा पिवळा दिवा विझला. काकांचा अंदाज बरोबर निघाला. दिवा विझल्यावर हॉलचा कॉल पॉइंट वाजवून बघितला, वाजला. मग वॉचमनसमोर डोकं पुन्हा काढलं आणि तोच कॉल पॉइंट दाबला, काही नाही. वॉचमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला मी रागावलो नाही, त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं. प्रमाणपत्राबद्दल विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

आज सकाळी साडेदहाला बायकोचा हेअर ड्रायर घेऊन नवा डिटेक्टर तपासला. मिनिटभर लागला, दिवा स्थिर झाला, हूटर सुरू. सूचना मी मुद्दामच लावली नव्हती, काका रागावू नका. घड्याळ लावून तीन मिनिटं हूटर वाजवत ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. सात मजल्यांतनं एकही माणूस खाली आलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या गॅलरीत आल्या आणि वरनं ओरडल्या, "आज कुणाकडं जेवण हाय रे? तांबडा हाय का पांढरा?"


गंगावेस_कट्टा
रविवार, रात्री ९:२६

आजींचा फ्लॅट नंबर तेवढा सांगा.


वायरीतला_माणूस
रविवार, रात्री ९:५५

पुढच्या रविवारी मी येतो. ड्रायर नको, लोकांना खाली उतरवायची तालीम घेऊ. आजींना मी स्वतः वर जाऊन सांगतो.